ट्यूबवरची लाल रेघ : तोंडाला लावायच्या मलमांची गोष्ट

बचत गटाच्या ताया, मावश्या, आज्या आणि शेजारी बसून ऐकणाऱ्या लेकीबाळींनो, आज आपण बोलणार आहोत तोंडावरच्या पुटकुळ्यांबद्दल आणि त्यांवर लावायच्या मलमांबद्दल. विषय लहान वाटेल. पण याच विषयावरून आमच्या जालना जिल्ह्यातला एक गट मोडता मोडता राहिला, म्हणून तो आज तुमच्यापुढे आणला.

झालं असं. गटाच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा करणं चाललं होतं. आमच्यातल्या एका ताईने गटाकडून अंतर्गत कर्ज घेऊन छोटं पार्लर टाकलं आहे. दुसऱ्या एका ताईची मुलगी बारावीला. मुलीच्या गालावर मुरूम आले, म्हणून आईने तिला पार्लरवाल्या ताईकडे पाठवलं. तिने एक ट्यूब दिली. आठ दिवसांत तोंड कसं गुळगुळीत झालं! आम्हीच सगळ्यांनी कौतुक केलं. मग मुलगी चार-पाच महिने रोज तेच लावत राहिली. पुढे उन्हात गेली की तोंडाची आग व्हायला लागली, गालावर लाल शिरा दिसायला लागल्या, बारीक लव वाढली. ट्यूब बंद केली की पुटकुळ्या दुपटीने उठायच्या. म्हणून परत तीच ट्यूब.

बैठकीत आई उठली आणि म्हणाली, "माझा हप्ता घ्या ताई, पण मी हिच्या शेजारी बसणार नाय." पार्लरवाली ताई रडायला लागली. म्हणाली, "अहो, मी सोताच्या तोंडालाबी तेच लावते. मला काय ठाव?"

आणि ते खरं होतं. तिला ठाऊक नव्हतं. आम्हालाही नव्हतं. गटाच्या वहीतली ओळन् ओळ आम्ही तपासतो, पण त्या ट्यूबवर काय छापलंय ते आमच्यापैकी एकीनेही वाचलं नव्हतं. मग आम्ही ठरवलं, आधी भांडण नको. हे मलम आपल्या गावापर्यंत आलं कसं, ते शोधू. शोधलं तेव्हा कळलं, ही गोष्ट फार जुनी आहे.

तरुणपणी तोंडावर फोड येणं हे काही आजच्या खाण्यापिण्याने आणलेलं दुखणं नाही. सुश्रुत संहितेत त्याला मुखदूषिका म्हटलं आहे आणि हे फोड सावरीच्या काट्यांसारखे दिसतात असं वर्णन केलं आहे. सावरीचं खोड ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे लगेच पटेल. पुढे शार्ङ्गधर संहितेत लोध्र, धने आणि वेखंड यांचा लेप सांगितला आहे. तारुण्यपीटिका हा शब्दही तिकडूनच आलेला. आपल्या आज्या जायफळ दुधात उगाळून लावायच्या, बेसन-हळद लावायच्या. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. लेपात काय घातलं ते लावणारीला माहीत असायचं. वस्तू तिच्याच घरातली, उगाळणारा हात तिचाच.

डबीतली क्रीम आली तेव्हा हे बदललं. मुंबईत १९१९ साली पाटणवाला यांनी अफगाण स्नो नावाची क्रीम बाजारात आणली. म्हाताऱ्या बाया अजूनही कुठल्याही क्रीमला 'स्नो' म्हणतात, तो शब्द त्या काळातला. आपण मराठवाड्यातले तेव्हा निजामाच्या राज्यात होतो आणि स्नो-पावडर ही शहरातल्या बड्या घरची चैन होती. पण डबीची सवय हळूहळू सगळीकडे पोचली. आत काय आहे हे माहीत नसताना नावावर विश्वास ठेवायची सवयही तिच्याबरोबरच आली.

आता एक साल लक्षात ठेवा, १९७५. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. त्याच वर्षी आपलं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, स्थापन झालं. त्याच वर्षी फेअर अँड लव्हली ही गोरेपणाची क्रीम भारतात आली. मुंबईच्या परळमध्ये केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली सुरू केलेल्या विको कंपनीची हळदीची क्रीमही त्याच सुमाराची. आणि १९७५ सालीच अमेरिकेतल्या डॉक्टर अल्बर्ट क्लिगमन यांनी तीन औषधं एकत्र करून वांगावरचं एक मलम जगापुढे मांडलं. ही गोष्ट आपल्याकडे कुणाच्या कानावरही आली नव्हती. आमच्या मुलीच्या तोंडाची कथा मात्र त्या मलमाशी जाऊन भिडते.

आधी हळदीच्या क्रीमचं पाहू. १९७८ साली अबकारी खात्याशी वाद सुरू झाला की ही क्रीम औषध आहे की सौंदर्यप्रसाधन. सौंदर्यप्रसाधन ठरलं असतं तर कर जास्त बसला असता. हा वाद वर्षानुवर्षं चालला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेवटी निकाल लागला की हे आयुर्वेदिक औषध आहे. मैत्रिणींनो, इथे एक बारीक गोष्ट आहे. हा खटला कराचा होता. तोंडाला लावायची एक वस्तू औषध आहे की नटण्याची, हे ठरवायला कोर्टालाही इतकी वर्षं लागली. मग दुकानातून सहज उचलणाऱ्या आपल्याला ते कसं कळावं? आणि फरक तर मोठा आहे. नटण्याची वस्तू आपल्या मर्जीने वापरता येते. औषधाला मात्र प्रमाण लागतं, मुदत लागते आणि कुणीतरी देखरेख ठेवावी लागते.

आता पुटकुळ्यांवरच्या खऱ्या औषधांकडे येऊ. त्यांतलं एक जुनं आणि भरवशाचं औषध म्हणजे बेंझॉइल पेरॉक्साइड. हा पदार्थ एके काळी गव्हाचं पीठ पांढरं करायला वापरत. १९३०च्या दशकापासून तो मुरुमांवर वापरल्याच्या नोंदी आहेत. तो कातडीवर प्राणवायू सोडतो आणि छिद्रांत वाढणारे जंतू त्याने मरतात. या जंतूंना प्रतिजैविकांची, म्हणजे अँटिबायोटिकची सवय होते, मग ती लागू पडत नाहीत. पेरॉक्साइडची तशी सवय होत नाही.

दुसरं औषध जीवनसत्त्व 'अ' च्या घराण्यातलं, ट्रेटिनोइन. छिद्राच्या तोंडाशी मेलेली कातडी चिकटून राहते आणि आत तेल अडकतं, तिथूनच पुटकुळी सुरू होते. ट्रेटिनोइन ते तोंड मोकळं ठेवतं. १९६९ साली याच क्लिगमन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मुरुमांवर चालतं असं दाखवलं. पण या औषधामागे एक काळी बाजू आहे. क्लिगमन यांनी फिलाडेल्फिया शहरातल्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ पासून १९७४ पर्यंत कैद्यांच्या कातडीवर प्रयोग केले. कैदी बहुतेक काळे, गरीब. थोड्या डॉलरसाठी पाठ पुढे करायचे आणि काय लावतात ते त्यांना नीट सांगितलं जात नव्हतं. त्यांच्या विद्यापीठाने २०२१ साली आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ साली याबद्दल माफी मागितली. औषध चांगलं निघालं हे खरं. पण काय लावतोय हे न सांगता गरिबाच्या कातडीवर लावायचं, ही रीत चांगली नव्हती. आमच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाली, "मंग आपल्या पोरीचं काय येगळं झालं माय?"

तिसरी कहाणी स्टिरॉइडची. कॉर्टिसोनच्या शोधासाठी हेंच, केंडल आणि रायखश्टाइन या तिघांना १९५० सालचं नोबेल मिळालं. १९५२ साली त्याच जातीचं औषध कातडीवर वरून लावून चालतं, असं सिद्ध झालं. गजकर्णासारखी बुरशी सोडून, इसबासारख्या कितीतरी आजारांत माणसांना मोठा आराम मिळाला. स्टिरॉइड वाईट नाही. योग्य आजारात, डॉक्टरने सांगितलेल्या दिवसांपुरतं ते उत्तम औषध आहे. पण ते करतं काय, ते समजून घ्या. ते सूज दाबतं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतं. म्हणून लाल पुटकुळी चार दिवसांत बसते आणि तोंड उजळ दिसतं. पुटकुळीचं मूळ कारण मात्र तसंच राहतं. महिनोन् महिने लावलं तर कातडी पातळ होते, शिरा दिसतात, लव वाढते आणि स्टिरॉइडमुळेच नव्या पुटकुळ्या येतात. थांबवलं की आग होते. म्हणून बाई परत तेच लावते. दारू सुटत नाही तसंच.

क्लिगमन यांच्या १९७५च्या मलमात ट्रेटिनोइन होतं, डाग फिका करणारं हायड्रोक्विनोन होतं आणि तिसरं हेच स्टिरॉइड होतं. वांगासाठी, डॉक्टरच्या नजरेखाली, थोडे आठवडे वापरायचं ते मलम. पुढे तशाच तीन औषधांच्या मिश्रणाच्या, तिसरं स्टिरॉइड आणखी जोरकस असलेल्या ट्यूबा आपल्याकडे मेडिकलमधून कुणालाही मिळायला लागल्या. गोरेपणासाठी एक, मुरुमासाठी तीच, वांगासाठीही तीच. आमच्या मुलीची ट्यूब याच घराण्यातली निघाली.

मग प्रश्न येतो, सरकारचा नियम नव्हता का? होता आणि नव्हताही. १९४० सालचा औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायदा आहे, १९४५ ची त्याची नियमावली आहे. त्यात शेड्यूल एच नावाची यादी आहे. त्या यादीतलं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. पण वरून लावायच्या औषधांना सूट देणारी एक टीप तिथे होती. त्या फटीतून स्टिरॉइडची मलमं मोकळी सुटली.

याविरुद्ध आवाज उठवला तो आपल्याच देशातल्या त्वचारोग तज्ज्ञांनी. २०११ साली अबीर सरस्वत आणि देशातल्या बारा केंद्रांवरच्या डॉक्टरांनी एक पाहणी छापली. तोंडाचा विकार घेऊन आलेले २९२६ रुग्ण त्यांनी तपासले. त्यांतले ४३३ जण तोंडाला स्टिरॉइड लावत होते. जवळपास चौथा हिस्सा, १०४ जण, ते मुरुमांसाठी लावत होते, आणि ज्या मुरुमांसाठी लावायचं तेच मुरूम वाढणं हा सर्वांत जास्त दिसलेला दुष्परिणाम होता. ४३३ पैकी २५७ जणांना ते डॉक्टरने सांगितलंच नव्हतं. मैत्रीण, शेजारीण, दुकानदार, पार्लर, असं कुणीतरी सांगितलेलं. आणि सगळ्यात जोरकस मलमं खेड्यांतले आणि शहराच्या कडेला राहणारे लोक जास्त वापरत होते. म्हणजे आपणच.

त्वचारोग तज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध मोहीम चालवली. शेवटी २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने नियम बदलला आणि स्टिरॉइडच्या अनेक मलमांना चिठ्ठीची सक्ती झाली. म्हणजे आमची ट्यूब विकली गेली तेव्हा नियम होता. ट्यूबवर लाल उभी रेघ होती. बारीक इंग्रजी अक्षरांत चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा होता. दुकानदाराने पाहिला नाही, पार्लरवाल्या ताईला इंग्रजी येत नाही, मुलीला येतं पण तिने वाचला नाही.

आणखी एक धोका आहे, लेबल नसलेल्या डबीचा. २०२३ च्या सुरुवातीला आपल्या शेजारच्या विदर्भातली, अकोल्याची बातमी आली. एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. तिघी एकच क्रीम लावत होत्या, स्थानिक पार्लरमधून आणलेली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला की क्रीममध्ये पारा होता, मर्यादेच्या कितीतरी पट. पारा कातडीचा रंग बनू देत नाही म्हणून तोंड उजळतं. पण तो कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडात साठतो. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात एका मूत्रपिंड विकाराचे २२ रुग्ण पाहिले. त्यांतल्या १५ जणांमध्ये विकाराचा एक खास प्रकार निघाला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. पाऱ्याविरुद्ध जगाचा करार २०१३ साली झाला, भारत २०१८ मध्ये त्यात पक्का सामील झाला. तरी डब्या येतात, कारण आपण मागतो.

एवढं सगळं ऐकून आमच्यातली एक वहिनी म्हणाली, "मंग पुटकुळ्या आल्या तर तोंड झाकूनच बसावं का?" नाही, वहिनी. थोड्या किंवा मध्यम पुटकुळ्यांवर मलमाने चांगला उपाय होतो. इतिहासातून जे टिकलं ते कसं वापरायचं, एवढं शिकायचं. सरकारी दवाखान्यातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला जे समजावलं ते तुम्हीही लिहून घ्या.

आधी डॉक्टरला दाखवून औषध ठरवा. बेंझॉइल पेरॉक्साइड मिळालं तर अडीच टक्क्यांपासून सुरुवात करा. दहा टक्क्यांचं जास्त चांगलं असं नाही, त्याने आग मात्र जास्त होते. आधी हनुवटीखाली थोड्या जागी दोन-तीन दिवस लावून पाहा. मग रात्री साध्या सौम्य साबणाने तोंड धुवा, न घासता टिपून कोरडं करा. वाटाण्याएवढं मलम घ्या आणि पुटकुळ्या येतात त्या सगळ्या भागावर पातळ थर द्या. एकेका पुटकुळीवर ठिपका देऊ नका. डोळे, ओठ, नाकाच्या कडा सोडून द्या. सुरुवातीला एक दिवसाआड लावा. कातडी थोडी कोरडी होईल, सोलल्यासारखी वाटेल. जास्त आग झाली तर काही दिवस थांबा. हे औषध कापडाचा रंग उडवतं, म्हणून उशीवर जुनं पांढरं फडकं टाका आणि चांगली ओढणी जपा.

ट्रेटिनोइन किंवा त्याच्या घराण्यातलं अडापालीन दिलं असेल तर ते रात्रीच लावायचं. कापूस वेचायला, निंदायला उन्हात जाताना तोंडावर ओढणी किंवा पदर हवाच. गरोदर असाल, दिवस गेल्याची शंका असेल किंवा मूल हवं असेल तर ही औषधं लावायची नाहीत, डॉक्टरला आधी सांगायचं. क्लिंडामायसिनसारखं अँटिबायोटिक जेल एकट्याने महिनोन् महिने लावायचं नाही. त्याच्या जोडीला पेरॉक्साइड लागतं, नाहीतर जंतूंना सवय होते.

आणि धीर धरा. खरं औषध आठ दिवसांत चमत्कार करत नाही. फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला बारा. चार दिवसांत तोंड चकचकीत झालं तर खूश होण्याआधी ट्यूब वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, डेक्सामेथासोन, यांतलं एखादं नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. तसं मलम बरेच दिवस लावत असाल तर मनाने एकदम बंद करू नका. ट्यूब हातात घेऊन डॉक्टरकडे जा, ते हळूहळू सोडवतात. लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा तोंडाला फासू नका. पुटकुळ्या फोडू नका, डाग त्यानेच राहतात. एकीची ट्यूब दुसरीने वापरू नका.

मोठ्या दुखऱ्या गाठी, खड्डे, पाळी अनियमित आणि हनुवटीवर राठ केस, किंवा तीन महिन्यांत फरक नाही, असं काही असेल तर मलमावर वेळ घालवू नका, परत दाखवा. औषध लावल्यावर तोंड-ओठ सुजले, श्वास लागला तर ताबडतोब दवाखाना गाठा.

आता आमच्या गटाचं सांगून थांबतो. मुलीचे उपचार चालू आहेत. पहिले दोन महिने फार वाईट गेले, आता आग कमी आहे. शिरा थोड्या राहतील असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती बारावीच्या परीक्षेला तोंड न बांधता बसली. पार्लरवाल्या ताईने शिल्लक ट्यूबा बैठकीत आणून ठेवल्या. त्यांचे पैसे बुडाले म्हणून गटाने तिचे दोन हप्ते पुढे ढकलले. काही जणींना ते पटलं नाही, तेही वहीत लिहिलं आहे. ठराव असा झाला की लेबल नसलेली आणि लाल रेघेची कुठलीही वस्तू आमच्या गटातली बाई विकणार नाही, आणि कुणाला तशी विक्री दिसली तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे गटाच्या नावाने अर्ज जाईल.

आई आणि पार्लरवाली ताई आता एका सतरंजीवर बसतात. बोलणं अजून मोजकंच आहे. त्याला वेळ लागेल, तो लागू द्या.

पुढच्या बैठकीला तुम्हीही एक काम करा. घरात तोंडाला लावायचं जे जे आहे ते पिशवीत घालून घेऊन या. गटातल्या शिकत्या मुलींना मध्ये बसवा आणि एकेका ट्यूबवरचं मोठ्याने वाचायला सांगा. हप्त्याची वही आपण सगळ्यांसमोर वाचतो ना, तसंच.